करंगळी सात टक्के

करंगळीची किंमत 7 टक्के. अनामिकेचीही 7 टक्केच. साखरपुड्याची अंगठी घालायचं बोट म्हणून तिला थोडा जास्त मान असेल असं मला वाटलं होतं, पण सरकारी यादीत भावनांना रकाना नसतो. मधल्या बोटाला 12 टक्के, तर्जनीला 14. म्हणजे जे बोट आपण आयुष्यभर दुसऱ्याची चूक दाखवायला वापरतो, त्याला करंगळीच्या बरोबर दुप्पट भाव. अंगठा मात्र एकटाच 30 टक्के खातो. करंगळीचा नुसता शेंडा उडाला आणि हाड शाबूत राहिलं, तर 2 टक्के.

हा भाव मी ठरवलेला नाही. 1923 सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे, तिच्यात हे सगळं पेराकांड्यासकट लिहून ठेवलंय. एक पेर, दोन पेरं, पूर्ण बोट. कान, डोळा, पाय, पायाचा अंगठा. हा कायदा 2010 पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाला आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत जाऊन बसला. नावं बदलली, घर बदललं. बोटांचे भाव मात्र जवळजवळ तेच.

ही यादी वाचायची वेळ माझ्यावर आली ती शेजारच्या वहिनींच्या भाच्यामुळे. पोरगा पंचवीस वर्षांचा, भोसरीला एका छोट्या शॉपमध्ये पॉवर प्रेसवर ऑपरेटर. डाव्या हाताची करंगळी प्रेसमध्ये गेली. ‘गेली’ हे क्रियापद इकडे बोटांच्या बाबतीत इतक्या सहज वापरतात की ऐकणाऱ्याला वाटावं, कुठंतरी फिरायला गेली असेल.

त्याला बघायला जी माणसं आली, त्यांचा अभ्यास मी जवळून केला. प्रत्येकानं शहाळं आणलं होतं आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न होता: “तुझं लक्ष कुठं होतं?” काकांचं मत पडलं, मोबाईल बघत असणार. मावशी म्हणाल्या, रात्री नीट झोपत नाही म्हणून झालं. आजींनी दिनदर्शिका काढून त्या दिवशी अमावास्या होती हे सिद्ध केलं. कंपनीचा सुपरवायझर आला तो म्हणाला, “मी याला शंभरदा सांगितलं होतं.” काय सांगितलं होतं ते त्याला आठवेना, पण शंभर हा आकडा पक्का होता.

गंमत अशी की, एवढ्या मोठ्या चौकशी आयोगाचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनं बिनकामाचा आहे. चूक कोणाची, हे तो कायदा जवळजवळ विचारतच नाही. लक्ष नव्हतं? चालेल. डुलकी लागली? तरी भरपाई. तो विचारतो दोनच गोष्टी: हा माणूस तुमच्याकडे कामाला होता का, आणि इजा कामामुळे, काम चालू असताना झाली का? झाली असेल तर मालकानं पैसे द्यायचे. नुसत्या निष्काळजीपणानं हक्क बुडत नाही.

अपवाद आहेत, नाही असं नाही. माणूस दारू किंवा नशेच्या अमलाखाली होता आणि त्यामुळेच अपघात झाला. सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्यानं मुद्दाम मोडला. किंवा मशीनचं गार्ड जाणूनबुजून काढलं. तिथं मालक सुटू शकतो. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर या सबबीही चालत नाहीत.

आता हे गार्ड प्रकरण. पॉवर प्रेसला गार्ड असतं, हे खरं. ते लावलं की हात डायखाली जात नाही, हेही खरं. आणि हात डायखाली गेला नाही की तासाला निघणारे नग कमी होतात, हे तर भोसरीतल्या कुठल्याही फोरमनला विचारा. म्हणून गार्ड बहुतेक वेळा मशीनच्या शेजारी भिंतीला टेकून उभं असतं, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. ते काढायला कोणी सांगितलं, हे सगळ्या शॉपला ठाऊक असतं. अपघातानंतर अर्ध्या तासात मात्र ते कामगारानं स्वतःच्या मर्जीनं, सुट्टीच्या दिवशी येऊन काढलं असावं, असं वातावरण तयार होतं. त्याच अर्ध्या तासात ते मशीनवर परत बसलेलंही असतं. एवढी तत्परता एरवी दाखवली असती, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरा खेळ दवाखान्यात. कामगाराबरोबर कंपनीचा जो माणूस येतो, तो फार प्रेमळ असतो. केस पेपर भरताना डॉक्टर विचारतात, कसं झालं? रुग्ण कण्हत असतो, म्हणून उत्तर हा माणूस देतो: “घरी दरवाज्यात सापडलं.” भोसरी-चाकण पट्ट्यातल्या दवाखान्यांचे असे कागद खरे मानायचे झाले, तर पॉवर प्रेसपेक्षा घरांचे दरवाजे जास्त खुनशी निघतील आणि त्यांनाच गार्ड बसवावं लागेल. पुढं वर्षभरानं वकील तोच कागद फडकवून विचारतात, “मग इथं दरवाजा का लिहिलंय?” म्हणून वेदना कितीही होवोत, ‘कामावर असताना, अमुक कंपनीत, प्रेसवर’ एवढे शब्द रुग्णानं स्वतःच्या तोंडानं सांगायचे आणि कागदावर उतरले का, ते नातेवाइकानं बघायचं. शहाळं नंतर सोलता येतं.

आमच्या पोराचे शेठ स्वतः मोसंबी घेऊन आले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, “अरे, तू तर घरचा माणूस. काळजी करू नको.” घरच्या माणसाला नेमणूकपत्र नसतं, हजेरी कार्ड नसतं, पगाराची पावती नसते, हे त्या वाक्याचं उरलेलं अर्धं, ते पंधरा दिवसांनी ऐकू आलं. मोसंबीबद्दल एक कायदेशीर खुलासा इथंच करून टाकतो. उपचारासाठी मालकानं जे काही दिलं, ते भरपाईतून वजा करता येत नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानंच भरायचा आहे, भरपाई वेगळी.

तर भरपाई किती? बोटाचे टक्के कशाचे टक्के, हे कळल्याशिवाय हिशेब लागत नाही. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या वेतनाच्या 60 टक्के रक्कम घेऊन तिला वयाप्रमाणे एका आकड्यानं गुणायचं. सोळाव्या वर्षी तो आकडा 228.54, पासष्टाव्या वर्षी 99.37. वेतन कितीही असो, 2020 पासून हिशेबाला जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात. आमचा पोरगा पंचवीसचा, त्याचा आकडा 216.91. पंधरा हजाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणाकार 19,52,190. करंगळी त्याच्या 7 टक्के: 1,36,653 रुपये. तर्जनी असती तर 2,73,306. वहिनींनी हे ऐकलं आणि क्षणभर पोराकडे अशा नजरेनं पाहिलं की, निदान तर्जनी तरी घालायची होतीस. क्षणभरच. मग पदर डोळ्याला लागला.

माणूस मेला तर हिशेब 60 टक्क्यांऐवजी 50 टक्क्यांवर होतो. त्याच पंचवीस वर्षांच्या मुलाचे 16,26,825. कायद्याला मेलेल्यापेक्षा अंथरुणाला खिळलेला महाग पडतो, कारण त्याला रोज जेवायला लागतं. इतका रोकडा विचार मी कुठल्याही सरकारी कागदात वाचला नव्हता.

वयाचा हा आकडा वाचून मला आमच्या पिढीच्या गुरुजींची आठवण झाली. महाराष्ट्रातल्या निम्म्या खेड्यांचा जन्म 1 जूनला झालेला आहे. शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन गेला की गुरुजी विचारत, जन्म कधीचा? बाप म्हणे, थोरल्या पुराच्या आधीचा. मग गुरुजी त्याच्या उंचीकडे बघून एक साल लिहीत आणि पुढं 1 जून ठोकत. पोरगं अंगानं दणकट असेल तर दोन वर्षं जास्तीची. आता हिशेब करा. खऱ्या अडतिशीच्या माणसाला आकडा 189.56, गुरुजींच्या चाळिशीला 184.17. अंगठा गेला असेल, तर गुरुजींच्या त्या दोन वर्षांची किंमत 14,553 रुपये. गुरुजी आता हयात नाहीत, त्यांच्याकडून वसूल करता येत नाही.

अंगठ्यावरून एकलव्य आठवणारच. त्याचं प्रकरण आज दाखल झालं असतं, तर द्रोणाचार्यांच्या वकिलानं पहिला मुद्दा तोच मांडला असता: हा आमचा शिष्यच नाही, आमच्या हजेरीपटावर याचं नाव नाही, हा पुतळ्यासमोर शिकला, त्या पुतळ्याशी आमचा करार नाही. दुसरा मुद्दा: अंगठा त्यानं स्वखुशीनं दिला. पण शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 चा कायदा आहे. त्यात शिकाऊला प्रशिक्षणात इजा झाली, तर भरपाई मालकानंच द्यायची, असं म्हटलंय. आणि स्वखुशीनं हक्क सोडल्याचा कागद तर या बाबतीत टिकतच नाही. तीस टक्के मिळाले असते. फक्त अपघात आणि आज्ञा यांतला फरक भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांना समजावून सांगताना दोन-चार तारखा गेल्या असत्या.

स्वखुशीच्या कागदावरून आपल्या स्टँप पेपरवर येतो. मराठी माणसाची स्टँप पेपरवर जेवढी श्रद्धा आहे, तेवढी कुलदैवतावर नाही. पोराला तिसऱ्या आठवड्यात कंपनीतून निरोप आला: वीस हजार घे, स्टँपवर सही कर, मिटवून टाकू. काका लगेच म्हणाले, “स्टँपवर देतायत म्हणजे पक्कं काम आहे.” कायदा म्हणतो, भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार रद्दबातल, मग तो कितीही रुपयांच्या स्टँपवर असो. तडजोड करायचीच तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम फार कमी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. महाराष्ट्रात आयुक्ताचं हे काम बऱ्याच ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश करत आले आहेत. काकांना हे पटलं नाही. त्यांच्या मते स्टँप म्हणजे स्टँप.

पण आमच्या प्रकरणात खरी मजा आली ती ईएसआयवर. कंपनीला ईएसआय लागू असेल आणि कामगार त्यात बसत असेल (पगाराची मर्यादा 21,000), तर भरपाई मालकाकडून नव्हे, कामगार राज्य विमा महामंडळाकडून घ्यायची. दोन्हीकडून मिळत नाही. हे वाईट मुळीच नाही. बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के आणि कायमच्या अपंगत्वाला, मेडिकल बोर्ड ठरवेल त्या प्रमाणात, जन्मभर दरमहा पैसे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालकाचा सव्वातीन टक्के. हा सव्वातीन टक्के वाचवण्यासाठी माणसाला रजिस्टरवर चढवायचंच नाही, अशी एक जुनी शक्कल आहे. मग बोट जातं सकाळी अकराला आणि दुपारी दोनला कंपनीच्या कॉम्प्युटरवर त्याची नोंदणी होते. कागदोपत्री त्याच्या नोकरीचा पहिला दिवस आणि बोटाचा शेवटचा दिवस एकच निघतो. पोरगा तिथं तीन वर्षं होता. रुजू झाल्या दिवशीच करंगळी घालवणारा एवढा उत्साही कामगार पाहून महामंडळाच्या बाईंनीही चष्मा वर केला.

ही शक्कल एकट्या भोसरीची नाही. हरियाणात मानेसरच्या वाहन-सुट्याभागांच्या कारखान्यांत जखमी होणाऱ्या कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. तिथंही बऱ्याच कामगारांच्या हातात ईएसआयचं ओळखपत्र पडलं ते अपघात झाल्यावर. या बाबतीत देश एक आहे.

नोकरी नेमकी कुठं सुरू होते, यावर तर न्यायालयांनी इतका खल केलाय की कीर्तनकारांनी हेवा करावा. गेटच्या आत सगळे मान्य करतात. गेटबाहेर चर्चा. मुंबईत 1957 साली बेस्टचा एक ड्रायव्हर जोगेश्वरी डेपोत आपली बस लावून, दुसऱ्या बेस्टच्याच बसनं सांताक्रूझला घरी निघाला होता. ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो गेला. बेस्टचं म्हणणं, त्या वेळी तो आमचा ड्रायव्हर नव्हता, प्रवासी होता. सर्वोच्च न्यायालयानं 1963 साली सांगितलं: नाही, तो कामावरच होता. उलट सौराष्ट्रातले मिठागर कामगार खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले, ते त्याच न्यायालयानं 1958 साली कामावर धरले नाहीत. होडी सगळ्यांसाठीची होती म्हणे.

आणि मग धाराशिव. तिथल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनची पाळी गाठायला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी घरच्यांना 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज दिलं. उच्च न्यायालयानं 2011 साली ते काढून घेतलं. सर्वोच्च न्यायालयानं 29 जुलै 2025 रोजी परत दिलं आणि सांगितलं, घरून कामाला जाता-येताना झालेला अपघात, वेळ-जागा-परिस्थितीचा कामाशी संबंध असेल, तर कामावरचाच. ईएसआय कायद्यात ही तरतूद 2010 पासून होती. पहाटे तीनच्या पाळीला माणूस कामाशिवाय दुसऱ्या कशासाठी घराबाहेर पडेल, याचा निर्णय लागायला बावीस वर्षं लागली.

व्याजाचं मात्र मला कौतुक आहे. महिनाभरात भरपाई दिली नाही, तर 12 टक्के साधं व्याज, आणि कारण पटण्यासारखं नसेल तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. आजच्या घडीला कुठलीही पतपेढी एवढा दर देत नाही, आणि दिलाच तर ती पतपेढी राहत नाही.

उलट तात्पुरत्या इजेला कायद्याचा हात आखडता. माणूस काही दिवस घरी बसला, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाच्या 25 टक्के, म्हणजे अर्धा पगार. तोही पहिले तीन दिवस सोडून, ते देवाचे. मुक्काम 28 दिवसांवर गेला, तर पहिल्या दिवसापासून मिळतो. इथं मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. 1884 साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून 5,500 सह्यांचं निवेदन केलं. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, आणि शेवटची मागणी: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, जन्माचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय. रविवार 1890 मध्ये मिळाला आणि तो आपण आजही झोपून साजरा करतो. जखमेचा कायदा यायला 1923 साल उजाडलं. सुट्टी देताना मालकाला काही कबूल करावं लागत नाही. भरपाई देताना हा माझा माणूस होता आणि माझ्या मशीनवर लागलं, एवढं कबूल करावं लागतं. अडतं ते तिथंच, आजही. आणि लोखंड्यांनी पूर्ण पगार मागितला होता. या कायद्यानं शंभर वर्षांत अर्ध्याच्या पुढं पाऊल टाकलं नाही.

वहिनींच्या भाच्याचं प्रकरण चालू आहे. तीन वर्षं तिथं होता याचा पुरावा म्हणून त्यानं काय दिलं, तर दसऱ्याला मशीनपूजेच्या वेळी काढलेले तीन फोटो. तिन्ही वर्षं तोच शॉप, तीच प्रेस, तीच झेंडूची माळ, शेजारी शेठ, आणि पोराच्या दोन्ही हातांची दहा बोटं नमस्कारात जोडलेली. वकील खूश आहेत. बँकेत पगार जमा नव्हता, पण शेठनं ‘उद्या लवकर ये’ म्हणून पाठवलेले मेसेज मोबाईलमध्ये होते, तेही जोडलेत. काकांनी ज्या मोबाईलवर आळ घेतला होता, तोच आता साक्षीला उभा आहे.

तेव्हा बाबांनो, कायम असा, ठेक्यावर असा की रोजंदारीवर. हक्क तिघांनाही आहे आणि ठेकेदार हात वर करून मोकळा झाला, तर मूळ कंपनीला सोडायचं नाही. लागलं तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. दाव्याला दोन वर्षं उलटू देऊ नका. आणि हे सगळं लागण्याच्या आधी, कामाच्या पहिल्या दिवशी, नेमणुकीचा कागद आणि ईएसआयचा नंबर मागा. शेठ म्हणतील, “काय रे, विश्वास नाही का?” म्हणायचं, “आहे ना शेठ. तेवढाच लिहून द्या.”